गोप्रोकर

मूळ आडनाव कुलकर्णी असो, जाधव असो की डिसोझा, डोक्याला कॅमेरा लागला की माणूस गोप्रोकर होतो. वय साधारण पस्तीस ते पन्नास. नोकरी हिंजवडीत, नाहीतर एखाद्या बँकेच्या विभागीय कार्यालयात. गृहकर्ज आवाक्यात आलेलं, मुलं आपल्या हाताने जेवू लागलेली आणि गुडघ्यांची तक्रार अजून सुरू व्हायची, असा आयुष्यात एक छोटासा मोकळा पट्टा येतो. त्या पट्ट्यात आधी मोटारसायकल येते, तिच्यामागून लडाखचं वेड येतं आणि दोन्हींच्या मधे, हेल्मेटला चिकटवायचा मुठीत मावणारा गोप्रो कॅमेरा येतो. ज्यांना लडाखपुरती रजा मिळत नाही ते हरिहरगड चढतात, तारकर्लीला पाण्याखाली जातात, कोलाडला कुंडलिकेत गटांगळ्या खातात किंवा कामशेतच्या टेकडीवरून पॅराग्लायडरला लटकून हवेत झेपावतात. यातलं काहीही झालं, की पुढच्या शनिवारी ओळखीतल्या दोन-तीन जोडप्यांना ‘सहज’ चहाचं बोलावणं जातं. पाहुण्यांनी आत शिरताना सोफ्याचं तोंड कुठे आहे ते पाहून घ्यावं.

या माणसावरचा नेहमीचा आरोप फुशारकीचा. आपण कुठे जाऊन आलो ते चारचौघांना दाखवायची हौस, दुसरं काय, असं त्याचे पाहुणे परतताना लिफ्टमध्ये बोलतात. मला हे निदान चुकीचं वाटतं. फुशारकी मारणारा माणूस स्वतःला दाखवतो. गोप्रोकर तास-तास जे दाखवतो त्यात रस्ता असतो, हँडल असतं, ढग असतात, पुढच्या ट्रकवरचं ‘हॉर्न ओके प्लीज’ असतं, पण गोप्रोकर नसतो. कॅमेरा त्याच्याच कपाळावर बसलेला असल्याने त्याला जगातलं सगळं दिसतं. ज्याने हप्ते भरून तो विकत घेतला तो गृहस्थ तेवढा दिसत नाही. आपल्याच पराक्रमाच्या सिनेमात आपल्याला काम मिळालं नाही, हे त्याचं खरं दुखणं आहे आणि शनिवारचा चहा म्हणजे त्या सिनेमात मागाहून शिरायची धडपड. एवढं ध्यानात घेतलं, की त्याच्या वागण्यातल्या बऱ्याच विचित्र गोष्टी उलगडतात.

गंमत अशी, की हा कॅमेरा जन्माला आला तो नेमक्या उलट कारणासाठी. निक वुडमन नावाचा कॅलिफोर्नियाचा तरुण २००२ साली ऑस्ट्रेलियाला सर्फिंगसाठी गेला होता. लाटेवर फळी घेऊन उभ्या राहिलेल्या हौशी माणसाचा चांगला फोटो काढायला कुणी नसतं. किनाऱ्यावरचा मित्र फार लांब पडतो आणि जवळ जाऊन टिपणारा व्यावसायिक परवडत नाही. नामांकित खेळाडूंचा येतो तसा आपलाही फोटो यावा, एवढीच ती इच्छा. त्यातून २००४ मध्ये बाजारात आला तो मनगटाला बांधायचा, पाण्यात चालणारा, ३५ मिलिमीटर फिल्मचा साधा कॅमेरा. पुढे फिल्म गेली, व्हिडिओ आला, कॅमेरा मनगटावरून हँडलवर, छातीवर, हेल्मेटवर चढत गेला आणि चढता चढता मालकाला चौकटीबाहेर ढकलून मोकळा झाला. मॉडेलांचं नाव मात्र कंपनीने ‘हिरो’ ठेवलं. ठेवणाऱ्याला विनोदाची जाण असावी.

आता दिवाणखान्यात येऊ. हे सगळं टीव्हीवरच का, फोनवर का नाही? फोन हातात दिला की पाहणारा बोटाने चित्र पुढे सरकवतो, हे गोप्रोकर जाणून आहे. टीव्हीचा रिमोट यजमानाच्या हातात राहतो. शिवाय आपल्या घरांत बसण्याची सगळी मांडणी टीव्हीकडे तोंड करून असते. देवघरालाही तेवढा मान नाही. पण टीव्ही सहजासहजी वश होत नाही. पेनड्राइव्ह फॅट-३२ पद्धतीचा असेल तर त्यावर ४ जीबीहून मोठी फाइल बसत नाही. दुसऱ्या पद्धतीने फॉरमॅट करावा, तर जुना टीव्ही त्याला ओळखच दाखवत नाही. ओळख दाखवलीच, तर नव्या कॅमेऱ्याची एचईव्हीसी ही चित्रण दाबून साठवायची पद्धत त्याला उलगडत नाही, मग वाऱ्याचा घोंघाट ऐकू येतो आणि पडदा काळा राहतो. (पाहुण्यांच्या दृष्टीने कार्यक्रमाचा हाच सर्वांत सुसह्य भाग.) केबल शोधली जाते, मुलाला हाक जाते, वायफाय बंद करून पुन्हा चालू केलं जातं, ‘मघाशी लागत होतं’ हे वाक्य निरनिराळ्या सुरांत येतं. गोप्रोकर घामाघूम होतो आणि नीट पाहिलं तर मनातून खुशीत असतो. पडदा काळा आहे तोवर सगळ्यांचं लक्ष त्याच्याकडे असतं.

चित्र एकदाचं उमटलं, की पुढचा घोटाळा. लांबलचक चित्रणाचे कॅमेरा आपोआप तुकडे पाडतो; चांगल्या प्रतीचं ४के असेल तर पाच-दहा मिनिटांचा एकेक. या तुकड्यांची नावं अशी पडतात, की अलीकडच्या मॉडेलांत तुकड्याचा क्रमांक आधी आणि चित्रणाचा क्रमांक नंतर येतो. बरेच टीव्ही फायली नावाच्या क्रमाने लावतात. परिणाम असा, की आधी प्रत्येक चित्रणाचा पहिला तुकडा लागतो, मग प्रत्येकाचा दुसरा, मग तिसरा. मनाली-लेह रस्त्यावरच्या गाटा लूप्सची पहिली सहा-सात वळणं होतात न होतात तोच माणूस खारदुंग-ला चढू लागतो, खिंड दिसायच्या आत नुब्राच्या वाळूत निघतो, तिथून पँगाँगच्या वाटेला लागतो आणि तळं डोळ्यांसमोर येणार एवढ्यात गाटा लूप्सच्या आठव्या वळणावर उगवतो. गाटा लूप्सची वळणं २१. पाहुण्यांतले एखादे निवृत्त शिक्षक ती मनातल्या मनात मोजत बसलेले असतात, त्यांची फार पंचाईत होते. गोप्रोकर डगमगत नाही. ‘हां, हे त्याच्या आधीचं’, ‘हे मघाचंच, पण पुढचं’, असं सांगत तो अख्खा प्रवास तोंडाने जोडून दाखवतो. दहा मिनिटं खर्चून फायलींची नावं बदलता येतात की, असं कुणी म्हणेल. येतात. पण मग सांगणाऱ्याची गरज उरत नाही.

ही गरज भिंगही भागवतं. अशा कॅमेऱ्याचं भिंग फार रुंद दृश्य पकडतं; त्यात जवळची वस्तू अवाढव्य होते आणि लांबची केविलवाणी. पडद्यावर पेट्रोलच्या टाकीचं झाकण हिमालयापेक्षा मोठं दिसतं. उभा चढ सपाट वाटतो, दरी शेजारच्या शेतासारखी निरुपद्रवी होते. त्यात २०१८ पासून चित्र स्थिर ठेवण्याची सोय इतकी सुधारली, की धक्के चित्रातून नाहीसेच झाले. वरंध घाटात ज्या खड्ड्यांनी गोप्रोकरचा एकेक मणका वेगळा केला, त्याच खड्ड्यांवरून टीव्हीवर तो मुंबईच्या कोस्टल रोडवरून चालल्यासारखा जातो. थंडी दिसत नाही, विरळ हवा दिसत नाही, पोटातला गोळा दिसत नाही. खारदुंग-लाच्या पाटीवर वर्षानुवर्षं १८,३८० फूट लिहिलेलं होतं आणि उपग्रहाच्या मोजणीत ती खिंड १७,५८२ फुटांच्या आसपास भरते, यावर दुचाकीवाल्यांत हिरिरीने वाद होतात. टीव्हीवर दोन्ही उंच्या सारख्याच दिसतात, म्हणजे दिसतच नाहीत. म्हणून गोप्रोकरचं पालुपद ठरलेलं: ‘इथे दिसत नाहीये, पण’. दिसत नाहीये, पण माझा उजवा हात पूर्ण बधिर झाला होता. दिसत नाहीये, पण डाव्या बाजूला सरळ खाली काहीच नव्हतं. दिसत नाहीये, पण इथे मी जवळजवळ गेलो होतो. वहिनी ट्रेमधून पोहे आणतात आणि गोप्रोकर वाचतो. त्यात थंडीत लिथियमची बॅटरी लवकर मान टाकते, त्यामुळे चित्रण बहुधा माथ्याच्या जरा अलीकडेच संपलेलं असतं. माथ्यावरचा म्हणून जो एक फोटो निघतो तो कुणा परक्याने फोनवर काढलेला असतो. पाटीखाली तोंड झाकून उभा असलेला माणूस, त्या दिवशी तिथे उभ्या राहिलेल्या दुसऱ्या कुठल्याही माणसाइतकाच अनोळखी.

जागा बदलून उपयोग होत नाही. हरिहरच्या कातळात कोरलेल्या जवळजवळ उभ्या पायऱ्या छातीवरच्या कॅमेऱ्यातून पाहिल्या, की अर्धा तास पुढच्या गिर्यारोहकाच्या बुटांचे तळवे दिसतात. मालवणकडच्या समुद्रात थोडं खोल गेलं की पाणी आधी तांबडा रंग गिळतं, मग मासे, खडक आणि मार्गदर्शकाचा हात सगळं एकाच हिरव्या-निळ्या छटेचं होऊन जातं. गोप्रोकर तिथेही नसतो, त्याचे बुडबुडे असतात. म्हणून त्याची नजर पडद्यावर भलतीकडेच काहीतरी हुडकत असते. मोटारसायकलीच्या आरशात हेल्मेटचा कोपरा चमकला, की तो चित्र थांबवतो. पेट्रोल पंपाच्या काचेत आकृती सरकली, की मागे घेतो. संध्याकाळच्या उन्हात रस्त्यावर मोटारसायकलीची लांब सावली पडते, तिच्यावर एक गोल डोकं असतं. तो उठून टीव्हीजवळ जातो, बोट ठेवतो आणि म्हणतो, ‘हा मी.’ हॉलिवुडलाही हीच अडचण आली होती. रॉबर्ट मॉन्टगोमेरीने १९४७ च्या ‘लेडी इन द लेक’मध्ये जवळजवळ सगळी गोष्ट नायकाच्या डोळ्यांतून दाखवली. नायक होता तो स्वतःच, तरी प्रेक्षकांना तो दिसायचा मुख्यतः आरशात. आणि मधूनमधून त्यालाही कॅमेऱ्यासमोर बसून प्रेक्षकांशी बोलावं लागलंच. पोह्यांची सोय तेवढी नव्हती.

यावर पहिला आक्षेप असा येईल, की यात नवीन काय? काश्मीरच्या सहलीचे अल्बम, स्लाइडचे कार्यक्रम, लग्नाच्या कॅसेटी, हे सगळं पाहुण्यांनी पूर्वीही सोसलंय. सोसलंय हे खरं, पण तेव्हा पाहुण्याच्या बाजूने दोन गोष्टी होत्या. एक म्हणजे माल महाग होता. फोटोच्या रोलमध्ये छत्तीस फोटो. स्लाइडच्या प्रोजेक्टरवरच्या चक्रात बहुधा ८०. १९६५ मध्ये आलेल्या सुपर ८ फिल्मच्या डबीत ५० फूट, म्हणजे नेहमीच्या वेगाने ३ मिनिटं २० सेकंद. बटण दाबण्याआधी माणूस विचार करायचा, कारण प्रत्येक सेकंदाला पैसे पडत होते. यजमानाचा खिसा हाच पाहुण्याचा कैवारी होता. आज सेकंदाला ६० मेगाबिटने चित्रण केलं तर तासाला २७ जीबी लागतात आणि १२८ जीबीच्या कार्डावर साडेचार तासांहून अधिक मजकूर मावतो, तोही पुन:पुन्हा पुसून. निवड करायचं काम चित्रणाच्या वेळी टळतं आणि शनिवारी संध्याकाळी पाहुण्यांच्या अंगावर येतं. दुसरी गोष्ट माझ्या मुद्द्याच्या जास्त जवळची. अल्बममध्ये यजमान असायचा. शिकाऱ्यासमोर, काश्मिरी पोशाखात, चेहऱ्यावर ऊन घेऊन, पण असायचा. लग्नाच्या तीन तासांच्या कॅसेटमध्ये तर पाहुणाही असायचा; अख्खं घर श्वास रोखून बसायचं ते मंगलाष्टकांसाठी नव्हे, पंगतीत आपण जिलबी कितव्यांदा घेतो ते टिपलंय का, हे बघायला. हेल्मेटच्या चित्रफितीत ना यजमान, ना पाहुणा. दोन्ही पक्ष नसलेला कार्यक्रम चालवायचा म्हणजे बोलणारा लागतोच.

दुसरा आक्षेप तरुणांचा. यूट्यूबवर मोटारसायकलवरून बोलणाऱ्यांचे असेच व्हिडिओ लाखो लोक आवडीने पाहतात, मग कंटाळा कॅमेऱ्यात कसा? तो कॅमेऱ्यात नाहीच. ती मंडळी हेल्मेटमध्ये माइक लावून बोलतात, रस्त्याच्या कडेला कॅमेरा ठेवून त्याच्यासमोरून पुन्हा गाडी नेतात, ड्रोन उडवतात, चहाच्या टपरीवर हेल्मेट काढून चेहरा दाखवतात आणि दिवसभराच्या चित्रणातून पंधरा मिनिटं ठेवतात. म्हणजे काय करतात, तर हरवलेला माणूस परत आणून बसवतात. गोप्रोकरनेही हेच करावं असं आपण म्हणू शकतो, आणि त्याच्या फोनमध्ये मिनिटभराची फिल्म आपोआप जुळवून, वर संगीत घालून देणारं ॲपही असतं. पण कापायचं म्हणजे कुठली वळणं फुकट गेली ते कबूल करायचं. ज्या वळणावर जीव मुठीत होता ते वळण बाकीच्या वीसांसारखंच दिसतं आणि ॲप ते बिनदिक्कत टाकून देतं. ॲपला त्याचा उजवा हात बधिर झाल्याचं माहीत नसतं.

तिसरा आक्षेप खुद्द गोप्रोकरचा, आणि तो तोंडावर हसू ठेवून घेतला जातो: तुम्ही लोक जळता. घरातून बाहेर पडायचं नाही आणि पडलेल्यांना नावं ठेवायची. यात थोडं तथ्य असेलही. सोफ्यावर बसून दुसऱ्याचं लडाख पाहताना माणसाचं मन अगदी निर्मळ राहतं असं म्हणवत नाही. पण पाहुण्याच्या चेहऱ्यावर जे दिसतं ते सगळंच मत्सरातून येत नाही, काही पोटातून येतं. पंचावन्न इंची पडदा सात-आठ फुटांवर असला, की डोळे सांगतात आपण वळतोय आणि कानाच्या आतला तोल सांभाळणारा अवयव सांगतो आपण स्वस्थ बसलोय. दोघांच्या या भांडणात मळमळ सुरू होते. एसटीच्या शेवटच्या बाकावरून आंबोली घाट ज्यांनी हसत उतरला असेल तेही सोफ्यावर हिरवे पडतात. मोटारसायकल चालवणाऱ्याला हे होत नाही, कारण वळण त्याने स्वतः घेतलेलं असतं. आणि फुशारकीच करायची असती तर गोप्रोकरला सोपा मार्ग होता. सेल्फीची काठी पस्तीसशे वळणांपेक्षा स्वस्त पडते. पण सेल्फीवाल्यांचा त्याला मनस्वी तिटकारा असतो. ‘मला मी दाखवायचा नाहीये, रस्ता दाखवायचाय,’ असं तो प्रामाणिकपणे मानतो. कितपत खरं, ते पडताळायला सोपं आहे. चित्रफीत चालू असताना त्याला आतून हाक मारावी, सिलिंडर लावून द्यायला किंवा वरच्या फळीवरचा डबा काढून द्यायला. रस्ताच दाखवायचा असेल तर रस्ता त्याच्याशिवायही चालू राहतो. पण तो डबा हातात तसाच घेऊन धावत परत येतो, रिमोट उचलतो आणि गेलेली चार मिनिटं मागे घेतो. कारण त्या चार मिनिटांत तो नव्हता.

आता तंत्रज्ञांनी यावरही उपाय काढला आहे, तो माझ्या म्हणण्याला छेद देतो की नाही ते तपासायला हवं. पाठीला पाठ लावलेल्या दोन भिंगांचा, चहूबाजूंचं एकदम टिपणारा कॅमेरा मिळतो. तो काठीवर लावला, की दोन भिंगांमधल्या आंधळ्या पट्ट्यात काठी लपते आणि चित्रात दिसत नाही. त्यामुळे कुणीतरी अधांतरी उडत मागून चित्रण केल्यासारखं दिसतं. म्हणजे गोप्रोकर अखेर आला चौकटीत. माझा मुद्दा बरोबर असेल तर त्याचं निवेदन आता थांबायला हवं. थांबत नाही, आणि त्याचं कारण पाहण्यासारखं आहे. पडद्यावर जो दिसतो तो हेल्मेट, काळी काच, कोपरांना पॅड असलेलं जाकीट, हातमोजे आणि गुडघ्यापर्यंतचे बूट यांचा एक संच असतो. आत कोण आहे ते त्याच्या सख्ख्या आईलाही सांगता यायचं नाही. त्यामुळे चहूबाजूंच्या चित्रणातही त्याला उठून पडद्यावर बोट ठेवावं लागतं, आणि तेही आधी चित्र फिरवून फिरवून स्वतःला सापडल्यानंतर. मधल्या वेळात पाहुण्यांना आकाश, रस्ता आणि पुन्हा आकाश असा प्रवास घडतो, त्याने मळमळीत भर पडते ती वेगळीच.

गोप्रोकर खरोखर दिसतो असं चित्रण जगात बहुधा एकच असतं, ते दहा-बारा सेकंदांचं, हललेलं आणि वहिनींच्या फोनमध्ये. टीव्हीने पुन्हा एकदा ‘फाइल वाचता येत नाही’ म्हटलं, की वहिनी ते हळूच काढतात. रस्त्याच्या कडेला मोटारसायकल उभी. गोप्रोकर हेल्मेट उलटं धरून कॅमेऱ्याचं बटण दाबतोय, वाकून लाल दिवा बघतोय, तो लागत नाही म्हणून त्याला अस्सल मराठीत काहीबाही ऐकवतोय, नाकातून पाणी, कानटोपी एका कानावर, आणि त्याच्या पाठीमागे अख्खं पँगाँग पसरलेलं, ज्याच्याकडे त्याने ढुंकून पाहिलेलं नाही. फोन सोफ्यावरून हातोहात फिरतो. मळमळणारे सरळ बसतात, निवृत्त शिक्षक चष्मा पुसून घालतात. थंडी दिसते, विरळ हवा दिसते, बधिर हातही दिसतो. ‘वहिनी, परत लावा.’ ‘अहो, हे टाका की टीव्हीवर!’ गोप्रोकर रिमोट खाली न ठेवता, मान न वळवता म्हणतो, ‘अगं, ते काय दाखवत बसलीस? काय आहे त्यात? नुसता मीच तर आहे.’